मंगळवार-गुरुवार सोडून

आमच्या लंडनमधल्या रायस्लिपच्या घरात वरच्या बाथरूमचा पाइप गळला आणि खालच्या खोलीच्या छताचा गिलावा एका रात्रीत फुगून सोफ्यावर आला. इथं गवंडी मिळणं म्हणजे काय प्रकार असतो, ते कोल्हापुरात बसून कळायचं नाही. आधी फोन, मग फोटो पाठवा, मग अंदाजपत्रक, मग दोन आठवडे वाट. शेवटी एक पोरगा मिळाला. पोरगा कसला, तेहतिशीचा बाप्या. दर परवडणारा, बोलायला नीट. अट एकच: मंगळवारी आणि गुरुवारी चारला निघणार, शनिवारी येणार नाही.

"शनिवारी नाही म्हणजे मारुतीचा भक्त दिसतोय," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या व्हॅनचं मागचं दार उघडं राहिलं होतं. आत थापी, रंधा, बादल्या, गिलाव्याची पोती, आणि पोत्यांवर वाळलेल्या चिखलासकट फुटबॉलचे बूट. मी कोल्हापूरचा. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा फुटबॉलचा सामना असला की शाळा बुडवून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणारा. बूट बघितल्यावर गप्प कसा बसणार? चहा केला आणि खाली बसवला त्याला.

तर हा आमचा गवंडी आठव्या स्तरावरच्या एका क्लबचा सेंटर हाफ, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा. क्लबचं नाव लिहीत नाही, त्याचंही नाही. त्यानंच तसं सांगितलंय.

आठवा स्तर म्हणजे काय, ते आधी सांगतो. घरी टीव्हीवर दिसते ती प्रीमियर लीग. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू. हे सगळे मिळून 92 क्लब. जगाचं लक्ष साधारण तिथंच संपतं. पण शिडी पुढं खाली उतरतच जाते. पाचवी नॅशनल लीग, तिच्यात 24 क्लब. सहाव्या पायरीवर तिच्याच उत्तर आणि दक्षिण अशा दोन शाखा. सातव्यावर चार गट, आठव्यावर आठ. त्याच्याही खाली आहेत. आणि वर-खाली जायची वाट सगळीकडं उघडी. म्हणजे कागदावर तरी आमच्या गल्लीतला क्लब एक दिवस मँचेस्टर युनायटेडशी खेळू शकतो. या 'कागदावर'वर अख्ख्या देशाचे शनिवार निघतात.

हा नवव्या वर्षी एका मोठ्या क्लबच्या अकॅडमीत गेला. सोळाव्या वर्षी दोन वर्षांची स्कॉलरशिप मिळाली. अठराव्या वर्षी एका खोलीत बोलावलं, समोर तिघं बसलेले, पाच मिनिटांत बाहेर. 'रिलीज' म्हणतात त्याला इथं. शब्द किती गोड बघा, जसा काही तुरुंगातून सोडलाय. त्यानंतर चौथ्या स्तरावर दोन हंगाम, त्यातले सहा महिने दुसऱ्याच गावाला उसना दिलेला, एका म्हातारीच्या घरी भाड्याच्या खोलीत. मग पाचवा स्तर, मग सहावा, पुन्हा पाचवा, मग सातवा. पंधरा वर्षांत अकरा क्लब. बोटांवर मोजले, आणि चहा संपता संपता म्हणाला, "थांब, अजून एक राहिला. तिथं मी तीनच आठवडे होतो."

अशा खेळाडूला इथं 'जर्नीमन' म्हणतात. मला वाटायचं, गावोगाव फिरतो म्हणून 'जर्नी'. तसं नाही. मूळ फ्रेंच शब्द दिवसाच्या कामाचा. उमेदवारी संपवून, हात तयार झालेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, रोजावर काम करणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. आपल्याकडं त्याला रोजंदारीवरचा गवंडी म्हटलं असतं. म्हणजे माझा माणूस सोमवारीही जर्नीमन आणि शनिवारीही जर्नीमन.

आपल्याकडच्या माणसाला हे समजवायचं तर पैलवानाचं उदाहरण बरं. तालमीत शंभर पोरं हिंदकेसरी व्हायला येतात. होतो एखादा, तोही पाच-दहा वर्षांत. बाकीच्यांतले चांगले चांगले मग जत्रा धरतात. आज कुंडलचं मैदान, उद्या दुसऱ्या गावची यात्रा, इनामाची कुस्ती, खांद्याला पट्टी, जीपमध्ये पाच जण कोंबून. ते काही कच्चे पैलवान नसतात. गल्लीतल्या कुणालाही डोळ्याची पापणी लवायच्या आत आस्मान दाखवतील. फक्त फेट्यासकट फोटो त्यांचा लागत नाही. इथं जीपच्या जागी कार असते. चौघं-पाच जण एका हमरस्त्यावरच्या पार्किंगमध्ये भेटतात, एकाच्या गाडीतून सरावाला जातात, गाडीवाल्याला पेट्रोलचे पैसे मिळतात. सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, कारण दिवसा सगळे कामावर. त्याच्या संघात एक शाळामास्तर आहे, दोघं डिलिव्हरीच्या व्हॅन चालवतात, गोलकीपर जिममध्ये शिकवतो. सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात बसायचं तर चाकांची कचऱ्याची पेटी धुऊन तिच्यात पाणी भरतात आणि आळीपाळीनं उतरतात. हे तो हसत सांगत होता, पण दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून.

पैसे? आठवड्याला अडीचशे पाउंड, खेळला तर. बाकावर बसला तर कमी. रुपयात गुणाकार करू नका, इथल्या भाड्यात तो गुणाकार कुठल्या कुठं जातो. पाचव्या स्तरावर होता तेव्हा पूर्णवेळ पगार होता, पण करार ऑगस्ट ते मे. जून-जुलै कोरडे. खालच्या स्तरावर बऱ्याच जणांशी लेखी करारच नसतो. दुसऱ्या क्लबला हवा असेल तर सात दिवसांची नोटीस देऊन बोलणी सुरू. तीन वर्षांपूर्वी याचा घोटा मोडला. क्लबनं चार आठवडे पैसे दिले आणि नंतर फोन उचलणं कमी केलं. शिडीवर चढता येत नाही म्हणून गिलाव्याचंही काम बंद. एका घोट्यावर दोन्ही चुली.

मी त्याला उत्साहानं जेमी वार्डीचं विचारलं. त्यानं थापी खाली ठेवली. "सगळे तेच विचारतात." वार्डीची गोष्ट तुम्हाला माहीत असेल: स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून आठवड्याला 30 पाउंडांवर खेळायचा, कारखान्यात हातपायांना लावायचे वैद्यकीय आधार बनवायचा, 2012 मध्ये फ्लीटवुडकडून लेस्टरला गेला आणि 2016 मध्ये प्रीमियर लीगचा विजेता झाला. खरी गोष्ट आहे. पण ती या लोकांच्या मानगुटीवर बसलीय. सासरे, बँकेतला माणूस, छत गळलेला भारतीय, सगळ्यांना वाटतं हाही कधीतरी वार्डी होणार किंवा व्हायचा राहिला. "मी कुणी व्हायचा राहिलो नाही," म्हणाला. "मी सेंटर हाफ आहे. लांबून आलेला चेंडू डोक्यानं परत लांब पाठवतो. त्याचे पैसे घेतो."

त्याला खरा जवळचा वाटतो तो जेफरसन लुई. नाव आपल्याकडं कुणी ऐकलेलं नसणार. फॉरवर्ड, चाळीसहून अधिक क्लब, आमच्या रायस्लिपमधल्या वील्डस्टोनकडूनही खेळून गेला. 2002 च्या डिसेंबरात ऑक्सफर्ड युनायटेडकडून त्यानं एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत स्विंडनविरुद्ध विजयी गोल केला. पुढच्या फेरीची सोडत टीव्हीवर थेट चालू होती आणि कॅमेरा ऑक्सफर्डच्या ड्रेसिंगरूममध्ये. चिठ्ठी निघाली आर्सेनलची. लुई लहानपणापासून आर्सेनलचा भक्त आणि नुकताच अंघोळ करून आलेला. आनंदानं उड्या मारल्या, त्या अंगावर सुतळी नसताना. देशानं पाहिलं. जानेवारीत हायबरीवर, आर्सेनलच्या तेव्हाच्या मैदानावर, ऑक्सफर्ड 2-0 हरलं आणि लुई पुन्हा शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर आला. पुढं डॉमिनिका या छोट्याशा बेटदेशाकडून एक आंतरराष्ट्रीय सामनाही खेळला. "त्याला कुणी विचारत नाही की प्रीमियर लीगचं काय झालं," माझा गवंडी म्हणाला. "विचारतात, आता कुठं आहेस?"

वील्डस्टोनचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो, कारण हा क्लबच एक जर्नीमन आहे. 1985 मध्ये त्यांनी आपली लीग आणि खालच्या स्तरांच्या क्लबांची एफए ट्रॉफी एकाच हंगामात जिंकली. पुढं इंग्लंडकडून खेळलेला स्टुअर्ट पिअर्स इथं खेळायचा तेव्हा इलेक्ट्रिशियन होता. विनी जोन्स बांधकामावर विटा वाहायचा. इथून 10,000 पाउंडांत विम्बल्डनला गेला आणि 1988 मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणाऱ्या संघात होता. पण 1991 मध्ये वील्डस्टोनचं स्वतःचं मैदान विकलं गेलं आणि पुढची सतरा वर्षं क्लब दुसऱ्यांच्या मैदानांवर भाडेकरू. 2008 मध्ये रायस्लिपला आले. मी आलो तेव्हा ते सहाव्या स्तरावर होते आणि बिअरचा ग्लास हातात घेऊन अगदी रेषेजवळ उभं राहता यायचं. 2020 मध्ये पाचव्यात गेले आणि ती सोय संपली, कारण वरच्या पाच स्तरांवर मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला कायद्यानं बंदी आहे. बढती मिळाली म्हणून दुःख झालेले लोक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

माझ्या वडिलांना फोनवर हे सगळं सांगितलं तर त्यांचा प्रश्न होता, "मग त्याला रेल्वेत का नाही चिकटवत?" आपल्याकडं खेळाडूचं उत्तर तेच होतं ना! रेल्वे, पोलीस, बँक, एअर इंडिया, ओएनजीसी. संघात खेळ, गुडघा गेला की टेबलावर बस, साठीला पेन्शन घे. महिंद्रा युनायटेडसारखा संघ 2006 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकून 2010 मध्ये बंद झाला, तरी घरच्यांच्या डोक्यातून नोकरी जात नाही. इंग्रज माणसाला हे कळतच नाही. माझ्या गवंड्याला मी रेल्वेचा संघ समजावून सांगितला तर तो म्हणाला, "म्हणजे ट्रेन चालवायला लागत नाही?" अर्थात त्यांच्याकडंही एक काळ होता. 1961 पर्यंत इथं खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला 20 पाउंड. इंग्लंडकडून 76 सामने खेळलेला टॉम फिनी नळकाम करायचा. 'प्रेस्टनचा प्लंबर' म्हणूनच प्रसिद्ध. आता वरच्या माळ्यावर कोट्यवधी आहेत, पण खालच्या माळ्यावर अजून 1961 च चालू आहे.

आपला बायचुंग भुतियाही याच माळ्यावर राहून गेला. 1999 मध्ये बरी नावाच्या क्लबशी करार केला, तेव्हा बरी तिसऱ्या स्तरावर. आम्ही शाळेत छाती फुगवून फिरत होतो, आपला माणूस इंग्लंडात! 2002 पर्यंत होता, 37 लीग सामने आणि 3 गोल. तेव्हा आकडे वाचून वाईट वाटलं होतं. आता इथल्या फेब्रुवारीत, आडव्या पावसात, सहा फुटी सेंटर हाफच्या कोपरांमध्ये उभं राहायचं म्हणजे काय ते बघितल्यावर ते 37 सामने वेगळे दिसतात. बरीला पुढं 2019 मध्ये पैशांच्या घोळामुळं लीगमधून काढून टाकलं. 1885 चा क्लब.

छत पूर्ण झाल्यावर एका शनिवारी त्याचा सामना बघायला गेलो. तिकीट 12 पाउंड. चहाच्या टपरीवर चिप्स. मध्यंतराला संघांनी बाजू बदलल्या तसे प्रेक्षकही उठले आणि आपापल्या झेंड्यांसह दुसऱ्या गोलमागं चालू लागले. समोरून येणाऱ्या विरोधी समर्थकांना वाटेत नमस्कार-चमत्कार. ध्वनिक्षेपकावर प्रेक्षकसंख्या सांगितली: 214. मी मनात म्हटलं, पाटाकडीलच्या सरावाला यापेक्षा जास्त असतात. माझा गवंडी बाकावर होता. पंचाहत्तराव्या मिनिटाला आत आला, चार चेंडू डोक्यानं परत पाठवले, पाचव्याला चुकला आणि 1-1 झालं. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला नावानं शिवी घातली. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "चांगला आहे तसा. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्यांकडून खेळत होता, तेव्हाही अशीच घालायचो."

निघताना तो जाळीपाशी आला. गोलबद्दल काही बोलला नाही. छताला कुठं चीर दिसते का, विचारलं.

मे महिना इथं खेळाडूंना जीवघेणा. हंगाम संपतो आणि कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं याची यादी लागते, आपल्या दहावीच्या निकालासारखी, फक्त नापास झालेल्याचं नावही छापून येतं. परवा रात्री त्याचा मेसेज आला. इंग्रजीत दोन ओळी: मंगळवार-गुरुवार सध्या मोकळे आहेत, शनिवारही. काही काम असेल तर कळव.

मी फोन बायकोला दाखवला. तिनं वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "जिन्याखालची भिंत काढू म्हणतोय ना आपण वर्षभर. बोलाव. आणि या वेळी घासाघीस करू नकोस."