कपात चाय नाय

परवा एक सिनेमा बघत होते. नाव सांगत नाही, बिचाऱ्यांनी मेहनत घेतली होती. नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण चाललेलं, प्रकरण घटस्फोटापर्यंत आलेलं, मागे व्हायोलिनं पिळवटून वाजत होती. शेजारच्या खुर्चीतल्या बाई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या. तेवढ्यात नायिकेने हुंदका आवरत टेबलावरचा चहाचा कप उचलला आणि तोंडाला लावला. झालं. कप रिकामा होता. पुढे त्यांचा घटस्फोट झाला की नाही, याच्याशी मला काही देणंघेणं उरलं नाही.

रिकामा कप ओळखायला कपात डोकवावं लागत नाही. मनगट बघायचं. भरलेला कप उचलताना मनगट आधी किंचित खाली जातं, मग सावरतं. ओठांपर्यंत येईतो माणसाचं अर्धं लक्ष कपाच्या काठावर असतं, मग तो कितीही दुःखात असो. चहा गरम असेल तर पहिला घोट कुणी सरळ घेत नाही, नुसते ओठ टेकवून अंदाज घेतात. रिकामा कप मात्र पिसासारखा वर येतो, हवेत वाकडातिकडा फिरतो, संवादाबरोबर हातवारेसुद्धा करतो. बॅगांची तीच गत. सून कायमची माहेरी निघालेली असते आणि वीस वर्षांचा संसार भरलेली बॅग दोन बोटांवर तोलत जिना उतरते. आमच्याकडे दोन दिवसांच्या लग्नाला निघताना बॅगेवर बसल्याशिवाय चेन लागत नाही.

ही खोड आईची. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी सिनेमा असायचा. डोंबिवलीच्या चाळीत आमच्याकडे टीव्ही नव्हता, समोरच्या मावशींकडे होता. दुसऱ्याच्या घरी गप्प बसून बघावं अशी रीत. आई ती पाळायची नाही. पडद्यावर कुणीतरी प्राण सोडत असायचं आणि खोलीच्या कोपऱ्यातून आईचा मालवणी आवाज यायचा, "ह्या कपात चाय नाय गो!" नायिका विहिरीवरून गाणं म्हणत आली की हिचा शेरा, "कळशी रिकामी आसा." भाकरी थापायचा प्रसंग आला की ती चटईवरून पुढे सरकायची. दोन थापा बघून निकाल लागायचा, "हिना कधी पीठ मळूक नाय." मग त्या नायिकेवर सिनेमाभर कितीही संकटं कोसळोत, आईला तिची दया यायची नाही.

गोष्ट काय, गाणी कशी, हिरो कोण हे तिच्या लेखी नंतरचं. चाळीस वर्षांनी माझंही तेच झालंय. लेक म्हणते, आई, फ्रेम बघ, लायटिंग बघ. बघते ना. पण आधी बादलीत पाणी आहे का ते बघते.

गेल्या दोन-तीन वर्षांत जे काही बघितलं, निम्मं थिएटरात मंगळवारच्या स्वस्त तिकिटावर आणि निम्मं लेकीच्या पासवर्डवर, त्यात या परीक्षेत पहिली आली छाया कदम. 'लापता लेडीज'मध्ये ती रेल्वे स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई आहे. घुंघटामुळे दोन नवऱ्यांची, म्हणजे नवऱ्या मुलींची, गाडीत अदलाबदल होते ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ झाली असेल. माझ्या लक्षात राहिली ती टपरी. मंजू माई उपदेश करत नाही असं नाही, चिकार करते. पण हात चालू ठेवून करते. घरोघरच्या बायका उपदेश करतात तो असाच, तोंड कढईकडे आणि बोलणं तुमच्याकडे. त्या दोघींतली वाट चुकलेली फूल तिथे कलाकंद करते, तो खपतो, आणि तिच्या हातावर पहिली कमाई येते. तिथे मी रडले. तिचा नवरा तिला सापडणार याची मला खात्री होतीच, त्याचं काही वाटलं नाही. स्वतःच्या हातच्या वस्तूचे पैसे हातात आल्यावर माणूस ते लगेच खिशात घालत नाही, थोडा वेळ नुसता बघतो. दिवाळीत चकल्या करून विकल्या त्या वर्षी मीही तशीच बघत बसले होते.

त्याच वर्षी, २०२४मध्ये, छाया कदम पुन्हा दिसली पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये. फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री हे बक्षीस मिळालं, तिथल्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय सिनेमा पोचला, वगैरे पेपरात वाचलं तेव्हा मी जरा घाबरलेच. बक्षीस मिळालेल्या सिनेमात लोक फार वेळ खिडकीबाहेर बघतात असा माझा अनुभव आहे. इथेही बघतात. आमच्या ह्यांना पहिल्या वीस मिनिटांत झोप लागली. पण या सिनेमात एक लाल राइस कुकर आहे. प्रभा ही मुंबईतली मल्याळी नर्स, लग्नानंतर नवरा जर्मनीला गेला तो गेलाच, फोनसुद्धा नाही. आणि एक दिवस पार्सलमधून हा कुकर येतो, जर्मनीत बनलेला, सोबत चिठ्ठी नाही. रात्री ती स्वयंपाकघराच्या लादीवर बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. मी खुर्चीत सावरून बसले. त्या मिठीत कुकरचं वजन दिसतं.

छाया कदम यात हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती आहे. नवरा गेल्यावर खोलीचे कागद सापडत नाहीत, बिल्डर टपलेला, आणि शेवटी ती मुंबई सोडून रत्नागिरीकडे आपल्या गावी जाते. इथपर्यंत मला सगळं पटलं. गावाला मात्र मी अडखळले. एक बाई एवढ्या वर्षांनी घर उघडते, सोबत दोन परप्रांतीय तरुण मुली, आणि चौकश्यांचा मारा होत नाही? आमच्या आजोळी दहा मिनिटांत पाच जणी कुंपणाशी आल्या असत्या. कोणाच्या गो ह्या, लगीन झाला काय, किती दिस ऱ्हवतले. एक जण तर फणसाचे गरे घेऊन घरात शिरलीच असती, कारण गरे द्यायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवता येत नाही. सिनेमातला कोकण फार शांत आहे. सुंदर आहे, पण शांत आहे. कोकणात शांतता हवी असेल तर घर बंद ठेवावं लागतं.

'नाच गं घुमा' मी आमच्या कामाच्या ताईंना दाखवला. म्हणजे तिकीट काढून दिलं आणि त्या त्यांच्या सुनेबरोबर गेल्या. मी आधीच बघून पोट धरून हसले होते, विशेषतः सकाळी "येताय ना आज?" या फोनमागच्या काकुळतीला. मुक्ता बर्वेच्या जागी मी रोज असते. नम्रता संभेरावची कामवाली आशाताई मला अगदी ओळखीची वाटली. दुसऱ्या दिवशी ताईंना विचारलं, कसा वाटला? भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "चांगला आहे की. पण ती एवढी बोलत बसते, मग चार घरं करते कधी?" माझ्या आईनंतर एवढ्या थोडक्यात कुणी परीक्षण केलेलं मी ऐकलं नाही. मी ते लिहून ठेवलं.

'वाळवी'ला आमच्या निकषात बसवायचं म्हणजे जरा ओढाताण आहे. त्यात कुणी भाकरी थापत नाही. त्यात खून करायचा बेत आहे. पण परेश मोकाशींनी एक गोष्ट पक्की धरली आहे, की खून हे कटकटीचं काम आहे. बेत ठरवणं सोपं. निस्तरणं म्हणजे घामाघूम. इतर सिनेमांत प्रेतं बॅगांसारखी हलकी असतात. याहून जास्त सांगितलं तर शेवट फुटेल, आणि तो मी मेले तरी सांगणार नाही.

विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' लेकीने लावून दिला. टोकियोत सार्वजनिक संडास साफ करणारा हिरायामा नावाचा माणूस. पहाटे उठतो, झाडांना पाणी घालतो, गाडीत जुन्या कॅसेट ऐकतो आणि संडास धुतो. दुसऱ्या दिवशी परत. ह्यांनी मध्येच डोकावून विचारलं, "तू मगापासून संडास धुताना बघतेयस?" हो, बघत होते, आणि भान हरपून बघत होते. तो भांड्याच्या कडेखाली हातातला छोटा आरसा धरतो, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे डाग राहिलाय का बघायला. कोजी याकुशो या नटाला २०२३ साली कानमध्ये अभिनयाचं बक्षीस मिळालं ते कशासाठी हे परीक्षकांना ठाऊक. माझ्या मते त्या आरशासाठी. फक्त एक तक्रार आहे. शिबुया भागातले ते संडास नावाजलेल्या वास्तुरचनाकारांनी बांधलेले आहेत. एकाच्या तर भिंती काचेच्या, आरपार दिसणाऱ्या, आतून कडी लावली की धूसर होतात. असे संडास मीसुद्धा कॅसेट ऐकत धुतले असते. हिरायामाला एकदा आमच्या इकडच्या एखाद्या स्टेशनात आणा, मग त्याचा चेहरा बघू.

आता 'दशावतार'.

सप्टेंबर २०२५मध्ये लागला तेव्हा आईला नेलं. आई एकोणऐंशीची, माहेर कुडाळकडचं. मल्टिप्लेक्सच्या अंधाऱ्या पायऱ्या ती माझा दंड धरून, मोजत चढली. बाबुली मेस्त्री या कोकणातल्या दशावतार लोकनाट्यातल्या म्हाताऱ्या नटाचं काम करणारे दिलीप प्रभावळकर तिच्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्येचे गुडघे बरे असतले."

सिनेमा सुरू झाला आणि आई गप्प. पहिल्यांदा मला वाटलं झोपली. बघते तर डोळे टक्क उघडे. बाबुलीची नजर अधू होत चाललीये, मुलाला वाटतं आता बापाने थांबावं, बाप काही पेटारा सोडायला तयार नाही. प्रभावळकर एकदा तोंडाला रंग लागला की वेगळेच ताठ होतात आणि रंग उतरला की एकदम खांदे पडलेला म्हातारा. तो फरक पाठीत दिसतो, चेहऱ्यात नंतर. मी आईच्या शेऱ्याची वाट बघत होते. आला नाही.

मध्यंतरानंतर खाण, गुंड, सूड असं सगळं सुरू होतं. माझ्यासाठी तिथे सिनेमा थोडा हलका झाला, त्या सुनेच्या बॅगेसारखा. खलनायक इतके खलनायक आहेत की त्यांच्या कपात चहा असता तरी मला खरा वाटला नसता. रिक्षात मी हे बोलले. आईला अजिबात मान्य नव्हतं. "राखणदार असोच आसता," ती म्हणाली, गावाची राखण करणाऱ्या त्या देवाबद्दल, जणू गावातल्या एखाद्या तापट माणसाबद्दल बोलावं तसं, आणि विषय मिटला.

घरी आल्यावर ह्यांनी दार उघडतच विचारलं, "काय आई, कसा होता पिक्चर?" आईने चपला काढल्या, पंख्याखाली बसली, पाणी प्यायली. पिक्चरबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिला भलतंच आठवत होतं.

तिच्या लहानपणी जत्रेला दशावतार यायचा. देवळासमोर एक बाकडं, मागे पडदा, पायपेटी आणि मृदंग, एवढ्यात रात्रभर स्वर्ग-पाताळ उभं राहायचं. लिहिलेले संवाद नाहीत, आख्यान ठरलं की उभ्या उभ्या बोलायचं. बायकांची कामंही पुरुषच करायचे. उजाडलं की नट गावात विखरून झोपायचे. रात्रीचो राजा, सकाळी कपाळार बोजा, अशी म्हणच आहे त्यांच्यावर. एका वर्षी चौघेजण आजोबांच्या पडवीत येऊन पडले. आई तेव्हा सात-आठ वर्षांची. रात्री वस्त्रहरणाला ती इतकी रडली होती की आजीने तिला उचलून घरी आणलं होतं. सकाळी पडवीत गेली तर द्रौपदी खांबाला टेकून बसलेली. गालावर दाढीचे खुंट, कानामागे रंग तसाच राहिलेला, डोळ्यांत काजळ पसरलेलं. आजीने वाडग्यातून पेज आणून ठेवली, वर लोणच्याची फोड.

"मगे?" मी विचारलं.

"मगे काय. गरम होती. फुंकर मारून मारून प्यायली," आई म्हणाली. "मगे विडी ओढल्यान, पेटारो डोक्यार घेतल्यान आणि गेली पुढच्या गावाक."