होर्युजीच्या भिंतींवरचा पद्मपाणी

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन जपानला गेलो असताना क्योतो आणि नारा येथील बरीच मंदिरे पाहिली. पण शिक्षक म्हणून माझा खरा कस लागला तो नाराजवळच्या होर्युजीत, तिथल्या ‘कोंदो’ म्हणजे मुख्य मंदिरात.

आत उजेड बेताचाच होता, छायाचित्रणाला बंदी होती आणि भित्तिचित्रे जाळीआडून पाहावी लागत होती. तरीही अमिताभ बुद्धाशेजारच्या बोधिसत्त्वाची किंचित कललेली मान आणि अर्धोन्मीलित डोळे दिसताच एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, हा तर अजिंठ्याचा पद्मपाणी!” ही तुलना अभ्यासकांनीही केलेली आहे. मात्र पहिल्या लेण्यातील चित्रे आणि ही चित्रे यांच्यात सुमारे दोन शतकांचे अंतर आहे आणि मधल्या वाटेवर मध्य आशिया व चीन आहेत, हे मी लगेच सांगून टाकले. परदेशात गेल्यावर ‘सगळे मूळचे आपलेच’ म्हणण्याची आपल्याला फार घाई असते.

मग पुढचे सांगणे भाग होते. २६ जानेवारी १९४९ रोजी, या चित्रांच्या प्रती करण्याचे काम चालू असतानाच, कोंदोला आग लागली आणि बाराही मोठी चित्रे होरपळली. वरच्या लहान फलकांवरील अप्सरा दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून तेवढ्या वाचल्या. समोर दिसत होती ती १९३५ साली घेतलेल्या मूळ आकाराच्या छायाचित्रांच्या आधारे १९६७-६८ मध्ये नव्याने केलेली चित्रे.

“म्हणजे आपण नक्कल पाहायला आलो?” एक विद्यार्थी हिरमुसून म्हणाला.

त्याला मी अजिंठ्याची उलटी गोष्ट सांगितली. रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांकडून करून घेतलेल्या प्रतींपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. तिथे प्रती गेल्या आणि मूळ चित्रे राहिली. इथे मूळ चित्रे करपली आणि प्रतींनी जागा भरून काढली.

तो पुन्हा जाळीशी गेला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “सर, यांनी उडालेला रंगसुद्धा रंगवलाय!” खरेच होते. आगीपूर्वी जिथे रंग झडला होता, तिथे चित्रकारांनी तो झडलेलाच दाखवला होता. कल्पनेने चित्र पूर्ण करण्यापेक्षा हे काम मला कितीतरी अवघड वाटते. गट बाहेर पडला तरी तो तिथेच होता, आणि त्याला मला दोनदा हाक मारावी लागली.