ओढ्याला चढलेला गंज

मागच्या ऑगस्टमध्ये कोट्झेब्यूहून अँब्लरला निघालो होतो. अलास्काच्या या भागात रस्ते नाहीत, छोटी विमानंच एसटीचं काम करतात. खाली कोबुक नदीचं खोरं, पिवळट पडत चाललेला टुंड्रा, आणि त्यात एक ओढा शेंदूर कालवल्यासारखा नारिंगी.

मी कोकणातला. जूनमध्ये नदी जांभ्याच्या मातीने लाल झाली की आम्हाला आनंदच व्हायचा. ती माती, चार दिवस उघडीप मिळाली की पाणी निवळतं. इथला रंग गंजाचा आहे.

फेअरबँक्सला आमच्या बोअरचं पाणी नळातून स्वच्छ येतं, पण तसंच बादलीत ठेवलं तर सकाळी तांबूस दिसतं. विरघळलेल्या लोहाला हवा लागली की असं होतं. उत्तर अलास्कातल्या ब्रूक्स पर्वतरांगेत आता अख्ख्या ओढ्यांचं हेच होतंय. तिथल्या खडकात लोह आणि गंधक असलेली खनिजं आहेत. हजारो वर्षं जमीन गोठलेली होती, तोवर त्यांना हवा-पाणी लागत नव्हतं. आता ती वितळतेय, पाणी आत झिरपतंय आणि गंधकाचं आम्ल तयार होतंय. ते आम्ल खडकातलं जस्त, निकेल, तांबं, कॅडमियम विरघळवून ओढ्यात आणतं.

अमेरिकेची राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिसचे जॉन ओ'डॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये असे ७५ प्रवाह नोंदवले. काही नमुन्यांत सामू २.३ इतका खाली, म्हणजे जवळपास लिंबाचा रस! अकिलिक नदीच्या एका उपप्रवाहाचा रंग २०१८ मध्ये बदलला आणि तिथली डॉली व्हार्डन नावाच्या माशाची पिल्लं, स्कल्पिन मासे दिसेनासे झाले.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की इथे कुणी खणलेलं नाही. कोबुकला मिळणारी, अशीच गंजलेली सॅमन नदी १९८० पासून संरक्षित आहे, तिच्या काठी एकही खाण नाही. खाण असती तर बंद करता आली असती, मालकाला जाब विचारता आला असता. डोंगरभर पाझरणाऱ्या आम्लाला बांध कुठे घालणार?

अँब्लरला नदीकाठी लाकडी मांडवांवर चम सॅमन वाळत होते. आपल्याकडे बोंबील टांगतात तसेच, फक्त चिरून, लालभडक. इथल्या मूळ रहिवाशांचा, इन्युपियाट घरांचा हिवाळा या माशांवर निघतो. माशाच्या मांसातले धातू माणसाला धोका व्हावा इतके नाहीत, असं २०२५ च्या अभ्यासात सॅमन नदीबद्दल निघालं, तेव्हा जीव भांड्यात पडला. पण त्याच अभ्यासात पाण्यातल्या धातूंनी जलचरांसाठीची सुरक्षित मर्यादा ओलांडलेली होती.

आणि काळजी गाभोळीची आहे. मादी तळाच्या खडीत खड्डा करून अंडी घालते. खडीच्या फटींतून वाहतं पाणी आत गेलं, तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. नारिंगी साका बसतो तो नेमका त्याच फटींत.