तेरा सुऱ्या आणि एक कटर

शनिवार, रात्री साडेअकरा

दुपारी पार्सल आलं. हाताने घडवलेली सुरी, आठ महिने वाट बघायला लावलेली, आणि ते खोकं उघडायला मी काय शोधत होतो तर ड्रॉवरमधला प्लॅस्टिकचा कटर, तो नाही का, पातं बोथट झालं की पुढचा तुकडा मोडून टाकतो तो. कपाटात आधीच्या तेरा सुऱ्या, एकेक अशी की दाढी करावी, आणि मी सेलोटेप कापायला कटर शोधतोय! ताई आली होती. तिने दोन मिनिटं माझी उलथापालथ बघितली, मग उठली, कपाट उघडलं, हाताला आली ती सुरी काढली आणि टेपवरून सर्रकन ओढली, वर खोक्याची एक कडही उभी चिरली. मी अक्षरशः किंचाळलो.

"ओरडायला काय झालं? सुरीच आहे ना?"

काय सांगणार. सांगितलं की पुठ्ठ्याने धार जाते (हे खरंच आहे, पुठ्ठ्यात माती-रेतीचे बारीक कण असतात, धार पार खाऊन टाकतात). तर म्हणे, "मग लाव परत." आणि इथे मी गप्प झालो. का गप्प झालो ते लिहायलाच आत्ता बसलोय, पण त्याआधी दुसरा प्रकार.

ताईने उत्साहात अजून एक काढली, चामड्याच्या म्यानातली, माझी सगळ्यात लाडकी. ती म्यानातून निघेचना. जरा हिसका दिल्यावर निघाली तर पात्यावर मधोमध तांबूस नारिंगी डाग, नखाएवढा, आणि मुठीजवळच्या पितळेवर हिरवट थर. चार वर्षं मी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, म्यानात घालून, मऊ कापडात गुंडाळून, अंधारात. आणि तिथेच ती गंजली. चामडं हवेतली ओल धरून ठेवतं, कमावताना वापरलेली आम्लं-क्षारही त्यात थोडेफार उरतात, आणि हे पातं 52100 पोलादाचं, म्हणजे मुळात बेअरिंगचं पोलाद, क्रोमियम साधारण दीड टक्का. न गंजणारं म्हणायला किमान साडेदहा टक्के लागतं. हे सगळं मला पाठ आहे! सुरी घेताना चार लोकांना मीच ऐकवलं होतं. म्यान फक्त नेण्या-आणण्यासाठी असतं, ठेवण्यासाठी नाही, हेसुद्धा. पण रोज हातात घेतली असती, पुसली असती, तर चार वर्षं कशाला, चार दिवसांत दिसलं असतं.

या छंदातले लोक अशा सुरीला सेफ क्वीन म्हणतात, तिजोरीतली राणी. मी पण हसत हसत म्हणायचो. न वापरण्याची माझी कारणंही तयार होती: वापरलेल्या सुरीची किंमत पडते, एकदा दगडावर घासली की ती 'जशी आली तशी' राहत नाही, पुढेमागे विकायची झाली तर? पण मी आजवर एकही विकलेली नाहीये आणि विकणार पण नाही, म्हणजे हे कारण मी कोणासाठी सांभाळून ठेवलं होतं देव जाणे.

खरं कारण ताईच्या त्या तीन शब्दांत होतं. मला धार लावता येत नाही. बास. तेरा सुऱ्या, पोलादांची नावं तोंडपाठ, हार्डनेस (पोलादाचा कडकपणा) 60 की 62 यावर रात्री दोन वाजेपर्यंत वाद घालणार, आणि धार गेली तर ती परत आणायची अक्कल नाही. बनवणाऱ्याने दिलेली धार ही माझ्याकडे एकच होती, खर्च झाली की संपली. म्हणून कटर.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची (सुऱ्या घडवणाऱ्या लोहारांची संघटना) पहिल्या पातळीची परीक्षा आठवते राहून राहून. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुरीने टांगलेला एक इंची दोर एका फटक्यात तोडायचा, मग दोन बाय चारचं (इंचांत) लाकूड त्याच पात्याने दोनदा आरपार तोडायचं, आणि एवढं झाल्यावरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं व्हाइसच्या पकडीत धरून 90 अंश वाकवायचं, मोडता कामा नये. म्हणजे ती सुरी पास झाली तरी मेलीच. ज्याने घडवली तो तिला वाकवून टाकतो, कारण पोलादाला पाणी (तापवून, थंड करून दिलेला कडकपणा) नीट बसलंय की नाही हे दुसऱ्या मार्गाने इतकं पक्कं कळत नाही. आणि मी पुठ्ठ्यावरून किंचाळतो.

झोप येत नाहीये. उद्या बघू.

रविवार, संध्याकाळ

धार लावायचा दगड होता घरात, 1000 ग्रिटचा (म्हणजे मध्यम बारीक दाण्याचा), दोन वर्षं प्लॅस्टिकमध्येच (हो, तोही जमवलेलाच). भिजत घातला. गंजलेलीच घेतली, तिचं अजून काय वाईट होणार. डाग आधी तेल आणि बारीक लोखंडी लोकरीने काढला, लाल गेलं पण खाली करडी खळी राहिली, ती आता राहणार.

कोनाचा अंदाज यावा म्हणून कागदाचा चौकोनी कोपरा घेतला, एकदा दुमडला की 45, परत दुमडला की साडेबावीस, त्याहून जरा खाली धरायचं. आणि धारेवर काळ्या मार्करने रेघ ओढली, म्हणजे शाई कुठे पुसली जाते त्यावरून दगड कुठे लागतोय ते कळतं. पहिली दहा मिनिटं शाई फक्त वरच्या बाजूची जात होती, म्हणजे मी पातं जास्तच आडवं धरत होतो, आणि त्या नादात आरशासारख्या पात्यावर एक लांब ओरखडा पडला. मी बघत बसलो त्याच्याकडे. वाटलं होतं पोटात कालवेल. तसं काही झालं नाही, जरा मान अवघडली होती एवढंच.

मग कधीतरी, अर्ध्या तासाने असेल, दुसऱ्या बाजूने अंगठा आडवा फिरवला तर काहीतरी बारीक खरखर लागली. बर (burr)! वर्षानुवर्षं वाचलेला शब्द, आज बोटाला लागला. एका बाजूने घासत गेलं की धातूची अतिसूक्ष्म कडा पलीकडे वळते, ती पूर्ण लांबीभर लागली म्हणजे धारेच्या अगदी कडेपर्यंत पोचलात. सुरीच्या टोकाजवळ मात्र लागेना. तिथे पातं वळतं, मनगट उचलायला लागतं, ते अजून जमलेलं नाही.

कागद कापून बघितला. मुठीकडून छान जातो, टोकाकडे फाटतो.

दुपारी ज्याने ही सुरी घडवली त्याला मेसेज केला, गंजाचं, ओरखड्याचं, सगळं कबूल करून टाकलं. वाटलं चिडेल. त्याचं उत्तर आलं, ओरखड्याबद्दल एक अक्षर नाही, फक्त विचारलंय की धारेला कुठे बारीक टवका उडालाय का, आणि दगडावर पोलाद कसं लागलं, चिवट की ठिसूळ. त्या वर्षी त्याने पाणी देण्याच्या तापमानात थोडा बदल केला होता म्हणे, आणि त्या खेपेतल्या एकाही सुरीबद्दल त्याला आजवर कोणी काहीच कळवलेलं नाही. सगळ्या कपाटात असणार, माझ्यासारख्यांच्या.

भिंगातून बघितलं, टवका नाहीये. चिवट की ठिसूळ हे सांगायला मला आधी दोन-चार वेगळी पोलादं घासून बघायला लागतील.

नक्षीदार दमास्कसची तेवढी काढणार नाही. नक्षी वेगवेगळ्या पोलादांच्या थरांची असते, पण आम्लाने आणलेला तिचा उठाव वरवरचा, घासला की फिका पडतो, परत उठवता येते म्हणतात पण मला ते बघायचं नाहीये. ती राहू दे राणी. बाकीच्या सगळ्या म्यानातून काढून तेल लावून टेबलावर ठेवल्यात, टेबलावर आता चहाचा कप ठेवायला जागा नाही. कालच्या पुठ्ठ्यावाल्या सुरीची शाई वाळतीये, दगड भिजतोय.