ड्रायव्हर दिला, पण बसला का? : ६१ मशीनच्या अपग्रेडची नोंद

मागच्या नोंदीत विंडोज ११ वर गेलेल्या ४ मशीनवर थांबलो होतो. आज आकडा ३८ आहे, एकूण ६१ पैकी. याहून पुढे गेलो असतो, पण मधे लॅपटॉपच्या एका माईकने (मायक्रोफोनने) माझे तीन रविवार खाल्ले. ही नोंद मुख्यतः त्या माईकचीच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ऑफिसातली विंडोज १० ची मशीन जागच्या जागी विंडोज ११ वर नेतोय, फाइली आणि प्रोग्रॅम तसेच ठेवून. काम कॉन्फिगरेशन मॅनेजर या मायक्रोसॉफ्टच्या साधनातल्या टास्क सिक्वेन्सने (ओळीने आपोआप चालणाऱ्या पायऱ्या), शक्यतो रात्री, कुणी समोर नसताना. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आम्ही, अर्थात, त्यानंतर जागे झालो. मशीन चालू ठेवायचा मला पगार मिळतो. एखादा ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअरशी बोलायला लागणारा प्रोग्रॅम) का जिंकतो आणि दुसरा का हरतो हे खणत बसायची हौस मात्र माझी स्वतःची. घरी शेल्फवर तीन निवृत्त लॅपटॉप आहेत, सगळी मोडतोड आधी त्यांच्यावर.

कोऱ्या मशीनवर विंडोज टाकायची सवय असेल तर इथे पहिली ठेच लागते. तिथे आपण विंडोज पीईमध्ये (इन्स्टॉलपुरती छोटी विंडोज) असतो, इमेज, म्हणजे टाकायची विंडोज, ऑफलाइन असते, डिसम या कमांडने ड्रायव्हर पॅकेज आत घातलं की झालं. जागच्या जागी अपग्रेड करताना सूत्रं सेटअपच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरच्या, हातात असतात. जुन्या विंडोजमधले ड्रायव्हर तो स्वतः उचलून नव्यात नेतो. आपले द्यायचे असतील तर 'इन्स्टॉलड्रायव्हर्स' स्विचला फोल्डरचा पत्ता द्यायचा. त्या फोल्डरात आयएनएफ फाइली (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणाऱ्या) उघड्या पडलेल्या हव्यात. निर्मात्याची एक्सई (तयार इन्स्टॉलर) तशीच टाकली तर सेटअप तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आमच्याकडे मॉडेलं पाच. प्रत्येकासाठी 'डाउनलोड पॅकेज कंटेंट'ची वेगळी पायरी आणि तिच्यावर डब्ल्यूएमआयची (विंडोजला मशीनचं मॉडेल विचारायची सोय) अट. एका कंपनीच्या मशीनवर मॉडेलच्या रकान्यात नाव नसतंच, दहा अक्षरांचा कोड असतो, आणि एकाच मॉडेलच्या दोन मशीनवर त्याची शेपटी वेगळी निघते. पहिली चार अक्षरं धरून पुढे टक्क्याचं चिन्ह ('यानंतर काहीही चालेल') लावलं, मिटलं. दुसरा खड्डा माझ्याच वेंधळेपणाचा: ही पायरी पत्ता व्हेरिएबलमध्ये ठेवते तेव्हा नावाला स्वतःहून ०१ जोडते. अपग्रेडच्या पायरीत मी ०१ शिवाय नाव लिहिलं होतं. सेटअपच्या हाती काहीच पडलं नाही आणि मी अर्धा दिवस परवानग्या तपासत बसलो.

आता माईक. पहिल्या मोठ्या फेरीत एकाच मॉडेलचे १२ लॅपटॉप घेतले. सकाळी रिपोर्ट हिरवागार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकही पिवळी खूण नाही, ड्रायव्हर नसल्याचा कोड २८ नाही, डिव्हाइस सुरू न झाल्याचा कोड १० नाही. साडेदहाला पहिला फोन: "सर, मी बोलतोय ते मीटिंगमध्ये कुणालाच ऐकू येत नाहीये." दुपारपर्यंत असे सात. उरलेले पाच मजेत बोलत होते. तेच मॉडेल, तेच पॅकेज, तीच रात्र.

ड्रायव्हर स्टोअरमध्ये (विंडोजचं ड्रायव्हरांचं कोठार) बघितलं तर मी दिलेला नवा ऑडिओ ड्रायव्हर बाराही मशीनवर हजर. म्हणजे पोचला होता. पण सात मशीनवर डिव्हाइस जुन्यावरच चालत होतं. इथे पीएनपीयूटिल या विंडोजच्या कमांडचा एक स्विच कामी आला. डिव्हाइसांची यादी 'ड्रायव्हर्स' जोडून मागितली की प्रत्येक डिव्हाइसखाली जुळणारे सगळे ड्रायव्हर दिसतात, आणि प्रत्येकासमोर शेराही: एक 'बेस्ट रँक्ड', बाकीचे 'आउटरँक्ड'. माझा नवाकोरा ड्रायव्हर आउटरँक्ड! आवृत्तीचा आकडा मोठा असूनही.

कारण असं. विंडोज आधी रँक काढतं: डिजिटल सही कशी आहे, फीचर स्कोअर (ड्रायव्हरच्या सोयींना दिलेले गुण) किती, हार्डवेअर आयडी (डिव्हाइसचा ओळख-कोड) किती नेमका जुळतो. रँक सारखा आला तर तारीख बघतं. तारीखही सारखी आली तरच आवृत्ती. आम्ही सगळे आवृत्तीवर डोळे लावून बसतो आणि ती रांगेत सगळ्यात मागे उभी! सातही मशीनवर मधल्या काळात विंडोज अपडेटमधून एक ड्रायव्हर आला होता. आवृत्ती लहान, पण तारीख माझ्या पॅकेजमधल्यापेक्षा सात महिने अलीकडची. सेटअपने तो इमानेइतबारे नव्या विंडोजमध्ये नेला, रँक सारखा निघाला, तारखेवर तो जिंकला. पाच मशीनवर तो कधी आलाच नव्हता, म्हणून ती बोलत होती.

ही तारीख म्हणजे आयएनएफ फाइलमधली 'ड्रायव्हरव्हर'ची ओळ, साधा मजकूर. शेल्फवरच्या लॅपटॉपवर नोटपॅडने बदलून पाहिली (बघायलाच हवं होतं). अपेक्षेप्रमाणे कॅटलॉगमधल्या (ड्रायव्हरबरोबरची सही केलेली फाइल) हॅशशी, म्हणजे फाइलच्या ठशाशी, फाइल जुळेना, सही गेली, विंडोजने दारातूनच परत पाठवलं.

तारखांची गंमत इथे संपत नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरांवर सर्रास २१ जून २००६ ही तारीख असते. आळस नव्हे, मुद्दाम: निर्मात्याचा ड्रायव्हर मशीनवर असेल तर विंडोजच्या नव्या बिल्डमधल्या सर्वसाधारण ड्रायव्हरने त्याला हटवू नये म्हणून. इंटेलने तर चिपसेटच्या आयएनएफवर १८ जुलै १९६८ घातली आहे, म्हणजे कंपनीच्या स्थापनेचा दिवस. तो ड्रायव्हर फक्त डिव्हाइसला नाव देण्यापुरता. दुसरा कुणी असेल तर याने हरावं हीच अपेक्षा. तेव्हा तुमच्या तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये 'फार जुना ड्रायव्हर' अशी अट असेल तर या दोन तारखा आधी वगळा. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये शेकडो ओळी याच होत्या आणि मी दचकलो होतो.

उपाय दोन टप्प्यांत सापडला. आधी अपग्रेडनंतरच्या गटात एक पायरी घातली: जुन्या ड्रायव्हरची ओईएम-क्रमांकाची आयएनएफ (बसवताना विंडोज तिला असं नवं नाव देतं) शोधायची, पीएनपीयूटिलने अनइन्स्टॉलसकट काढायची, डिव्हाइस पुन्हा स्कॅन करायची. क्रमांक प्रत्येक मशीनवर वेगळा असतो, त्यामुळे मूळ नावावरून शोधावं लागतं. सातही माईक बोलले. चार दिवसांत दोन पुन्हा गप्प. विंडोज अपडेटने तोच ड्रायव्हर परत आणून बसवला होता.

मग धोरण बदललं. विंडोज अपडेटबरोबर ड्रायव्हर न आणण्याची ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एकदम लागू होणारं सेटिंग) लावली. हा निर्णय मला अजून पूर्ण आवडलेला नाही. आता ६१ मशीनचे ड्रायव्हर वेळच्या वेळी बघणं माझ्या गळ्यात, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसकट. शिवाय निर्मात्याच्या साइटवर त्याच मॉडेलसाठी अलीकडच्या तारखेचा ऑडिओ ड्रायव्हर होताच, तो पॅकेजमध्ये बदलून घातला. हे आधी बघितलं असतं तर... असो.

बाकीचं झटपट. दोन मशीन पहिल्या रीस्टार्टनंतर विंडोज १० वर परत फिरली, कोड ०एक्स-सी१९००१०१, शेपटी ०एक्स-२००१७. याचा अर्थ सेफओएसच्या (अपग्रेडमधली छोटी तात्पुरती विंडोज) टप्प्यातच गाडी अडली. सेटअपडायग (अपग्रेड का फसलं ते शोधणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) चालवून लॉग चाळले तर एका जुन्या व्हर्च्युअल ड्राइव्हच्या प्रोग्रॅमचा ड्रायव्हर मागे राहिलेला. प्रोग्रॅम कधीच काढला होता, ड्रायव्हर नव्हता गेला. हाताने काढला, दुसऱ्या फेरीत दोन्ही सरळ पार. बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) टास्क सिक्वेन्समध्ये तात्पुरतं थांबवतोय, अजून एकानेही रिकव्हरी की मागितलेली नाही.

आता प्रत्येक मशीनवर अपग्रेडआधी आणि नंतर ड्रायव्हरची यादी काढतो, आणि नंतरच्या यादीत आउटरँक्ड झालेल्यांत माझ्या पॅकेजमधलं कुणी आहे का ते बघतो. त्यात आणखी एक मासा सापडला: एका मॉडेलचा टचपॅड. तिथे तारखेचा प्रश्न नाही, जुन्या ड्रायव्हरचा हार्डवेअर आयडी जास्त नेमका आहे, म्हणून तारखेपर्यंत गोष्ट जातच नाही. तो चालतोय, त्यामुळे हात लावलेला नाही.

उरलेल्या २३ पैकी ९ मशीनचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, ती बदलायचीच आहेत. १४ मशीन डॉकवर (लॅपटॉपला नेटवर्क, स्क्रीन वगैरे जोडून देणारं ठाणं) बसतात आणि डॉकमधून नेटवर्क घेतात. अपग्रेडनंतर डॉकचा नेटवर्क ड्रायव्हर उठला नाही तर टास्क सिक्वेन्सला पुढची पॅकेजं मिळणार नाहीत, म्हणून पुढे लागणारं सगळं आधीच डिस्कवर उतरवून ठेवायची पायरी जोडलीय. शेल्फवरच्या एका लॅपटॉपला डॉक लावून आज रात्री पहिली फेरी.