पेशंट फारच शहाणी निघाली

एमडी सायकिअॅट्रीच्या दुसऱ्या वर्षाला होते. लाँग केसमध्ये, म्हणजे एका पेशंटची सविस्तर तपासणी करून ती सरांपुढे मांडताना, माझी हिस्टरी (पेशंटला विचारून घेतलेली माहिती) पसरायची आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारायचं नेमकं राहून जायचं. ओपीडीतल्या गर्दीत सराव कुणावर करणार? म्हणून एका रात्री ड्यूटी रूममध्ये एआय चॅटबॉटलाच पेशंट केलं. १९६६ साली संगणकतज्ज्ञ वायझेनबॉमच्या 'एलायझा' या गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमने डॉक्टरचं सोंग घेतलं होतं, मी उलटं दिलं: सातारा जिल्ह्यातली ४२ वर्षांची बाई, डिप्रेशन, मराठीत बोल.

पहिलंच उत्तर आलं, "डॉक्टर, गेल्या तीन महिन्यांपासून मला निराश वाटते, कशातच रस उरलेला नाही, झोप लागत नाही." निदानाचे निकष कालावधीसकट हजर! अशी बाई मला ओपीडीत अजून भेटायची आहे. आमच्याकडे येते तिच्या डोक्यात मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, आणि तेही सांगते सासू.

मग मी तिला बिघडवायला बसले. मनाचं काही बोलायचं नाही, फक्त अंगदुखी. शेजारी सासू, ती मध्येच तोंड घालणार. मरणाचा विषय विश्वास बसल्याशिवाय निघायचा नाही. सात-आठदा सूचना बदलल्यावर कुठे ती म्हणाली, "काय न्हाय ओ, नुसतं अंग मोडतंया."

त्या आठवड्यात मी मुख्यतः सासूला बाहेर काढायला शिकले. "जरा बाहेर थांबता का?" म्हटलं की ती ढिम्म. "मावशी, एवढा केसपेपर खिडकीवर नोंदवून आणता का?" म्हटल्यावर उठली. आणि थेट "मरावंसं वाटतं का?" न विचारता आधी "सकाळी जागच येऊ नये असं होतं का?" इथून सुरुवात करायची, हेही तिथेच जिभेवर बसलं.

फीडबॅक मात्र मागू नये. माझ्या प्रत्येक प्रश्नाला 'उत्कृष्ट'. वर संमतीशिवाय दाखल करण्याची मुदत २८ दिवस सांगितली, आणि मी तीच सरांपुढे ठोकून दिली. "मॅडम, प्रॅक्टिस इंग्लंडात करणार का?" आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम ८९ खाली ३० दिवस आहेत. त्याच दिवशी सरांनी तंबी दिली, खऱ्या पेशंटचा एक शब्दही तिथे टाकायचा नाही. कलम २३, गोपनीयता.

एक गोष्ट त्या पेशंटला शेवटपर्यंत जमली नाही: गप्प बसणं. 'गप्प राहा' सांगितलं तर कंसात "शांतता" लिहून पाठवायची.

पुढे वॉर्डात एक बाई आली. मी सासूला केसपेपर देऊन खिडकीवर पाठवलं. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. मी काहीच विचारलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "माज्या माघारी पोरांचं कोण बघंल, मॅडम?"

मग मी विचारलं. सासू तोवर रांगेतच होती.