तुम्ही विचारलंत म्हणून: पॉलिश कुठलं मारलंय?

सुट्या भागांच्या किटमधून जोडून बनवलेली माझी ठासणीची रायफल ज्याने ज्याने हातात घेतली त्याने लाकडी दस्त्यावरून हात फिरवून हेच विचारलंय, पॉलिश कुठलं रे? लॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, कसं बसवलं, नळी लाकडात कशी उतरवली, काही नाही, डबीचं नाव हवं फक्त. तर एकदाच सांगतो, डबीत काही नाहीये.

किटचा दस्ता मशिनवर कोरून येतो आणि मुद्दाम जाड ठेवलेला असतो, म्हणजे बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पितळी पट्टी), लॉक, ट्रिगर गार्ड (चापाभोवतीची कडी) बसवताना लाकूड कमी पडू नये. ते जास्तीचं लाकूड तसंच ठेवून वरून काहीही चोपडा, बंदूक किटचीच दिसणार. पेनसिल्व्हेनियात 18व्या शतकात ज्या लाँग रायफली बनल्या त्यांचे फोटो बघा, नळीखालचं लाकूड किती पातळ आहे ते, आणि मूठ बसते तिथला भाग गोल गरगरीत नाही, अंडाकृती आहे. माझा वेळ सगळा तिथे गेला, कानस आणि स्क्रेपर घेऊन, आणि बटप्लेट बसवून पितळ आणि लाकूड एकत्रच घासायचं, वेगवेगळं घासलं की जोड दिसतोच.

पॉलिश पेपरवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. बोटाखाली नुसता पेपर धरून घासत बसलं की लॉकच्या भोवतीची सपाट पट्टी, तिच्या कडा, सगळं गुळगुळीत होऊन दस्ता वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसतो. शिवाय दस्त्याचं लाकूड पट्टेदार मेपल, त्यात एक पट्टा कडक, पुढचा मऊ, पेपर मऊ भाग जास्त खातो आणि लाटा उठतात. पेपरमागे ठोकळा हवाच. मग ओलं फडकं फिरवून तंतू उभे करायचे, वाळले की हलक्या हाताने छाटायचे, परत ओलं करायचं. हे कंटाळवाणं आहे हे मलाही कळतं, सांगायची गरज नाही.

एवढं बोलून आता खरं सांगतो. रंगाला मी नावं ठेवतो पण या सगळ्यात जो दिवस मला आठवतो तो रंगाचाच आहे. ॲक्वा फोर्टिस, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये लोखंड विरघळवून केलेलं पाणी. विकत घेतलेलं होतं, घरी बनवायच्या फंदात पडू नका, वाफा वाईट असतात. हातमोजे घालून बाहेर मोकळ्यावर लावलं. पांढऱ्या स्वच्छ लाकडावर, ज्याच्यावर माझ्या सगळ्या संध्याकाळी गेल्या होत्या, ते वाळलं आणि दस्ता हिरवट पिवळा झाला, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा नाही का होत रंग, तसा. बायको दारात उभी. म्हणाली, "वाया घालवलंस ना?" मी म्हटलं थांब, पण आवाजात दम नव्हता, कारण असंच होतं हे वाचलेलं असणं वेगळं आणि आपल्या लाकडावर बघणं वेगळं. हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, लावली. एका जागी थांबायचं नाही, जळतं. आधी काहीच नाही. मग गनच्या पुढे पुढे हिरवट रंग मरत गेला आणि मागे लालसर तपकिरी उमटत आला, आणि त्यातून पट्टे वर आले, जे कोऱ्या लाकडात नीट दिसतही नव्हते. ती जवळ येऊन बसली. "इकडे राहिलंय," म्हणाली. तिने दाखवायचं आणि मी गन फिरवायची, असं शेवटपर्यंत. नंतर खायच्या सोड्याचं पाणी फिरवलं, काही जण म्हणतात गरज नाही, मी फिरवतो.

मग मी इतके दिवस आकार आकार करत होतो ते काय? आधीचा मी म्हणेल, आकार नीट होता म्हणून रंग खुलला. असेलही. पण त्या दिवशी लॉकच्या कडांकडे मी एकदाही बघितलं नव्हतं, पट्टेच बघत होतो, आणि तुम्हीही तेच बघता, तर तुमच्यावर चिडायचा मला किती हक्क आहे माहीत नाही. तरी चिडतो.

वरून बॉइल्ड लिनसीड, जवसाचं तेल. नाव बॉइल्ड असलं तरी ते नुसतं उकळलेलं तेल नसतं, त्यात लवकर वाळायला ड्रायर घातलेले असतात. अगदी पातळ हात, राहिलेलं पुसून घ्यायचं, पूर्ण वाळल्यावरच पुढचा. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, बाहेर सुट्या पसरून वाळवा. किती हात द्यायचे ते मात्र मला विचारू नका. मला आहे एवढी चमक पुष्कळ वाटते, बायकोला अजून दोन हात हवेत, आणि तेलाची बाटली अजून टेबलावरच आहे.